शांत पाण्यावर वाजणारी शिट्टी

समुद्रावर सहलीला गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. लाटा अंगावर येतात म्हणून मुलं बिचकतात आणि आईवडील किनाऱ्याने थोडं पुढे चालत जाऊन बरीशी जागा शोधतात. एका ठिकाणी लाटा जवळजवळ फुटतच नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे वीस-तीस पावलं रुंदीचा गुळगुळीत, गडद पट्टा. मुलांना खेळायला हीच जागा चांगली असं ठरवून सगळे घोटाभर पाण्यात शिरतात, तेवढ्यात लांबून शिट्टी वाजते. लाल-पिवळ्या कपड्यांतला जीवरक्षक दोन्ही हातांनी खूण करत असतो : तिथून बाहेर या, त्या बाजूला जा. तो दाखवतो त्या बाजूला तर लाटा फुटत असतात. हा माणूस आपल्याला शांत पाण्यातून उठवून खळबळत्या पाण्यात का पाठवतोय, हे कोणाला कळत नाही. काही जण वाद घालतात, काही जण पाठ वळल्यावर परत तिथेच उतरतात.

त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, एवढंच या शिट्टीमागचं कारण आहे. जीवरक्षक म्हटलं की धावत जाऊन पाण्यात झेप घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण त्याच्या दिवसातला बहुतेक वेळ पाहण्यात आणि अडवण्यात जातो. झेप घ्यावी लागली, याचा अर्थ धोका अडवायची वेळ टळून गेली होती. तो काय पाहतो आणि कसं पाहतो, हे समजून घेतलं तर त्याच्या शिट्टीचा राग येणार नाही.

गुळगुळीत पट्ट्याखाली

कोकणात भाताच्या खाचरांना बांध असतो. पावसाचं पाणी खाचरात साठत जातं आणि बांधाला कुठे खांड पडली, तर सगळ्या खाचराचं पाणी त्या एका खांडीकडे ओढ घेतं. खाचरात इतरत्र पाणी संथ असतं, खांडीपाशी मात्र त्याचा जोर पायाला जाणवतो. किनाऱ्याजवळच्या समुद्रातही असाच एक बांध असतो, वाळूचा. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूची लांबट उंचवट्यासारखी रांग तयार झालेली असते. त्या उथळ जागी येणाऱ्या लाटा फुटतात आणि आपलं पाणी किनाऱ्याच्या बाजूला टाकतात. लाटांमागून लाटा येत राहतात, आतल्या बाजूला पाण्याची पातळी किंचित वाढते आणि या पाण्याला परत समुद्रात जायला वाट हवी असते. वाळूच्या रांगेत जिथे खोलगट खिंड असेल तिथून ते एकवटून बाहेर पडतं. याला रिप करंट म्हणतात.

खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत. फेस नाही म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत, आणि खोली जास्त म्हणून रंग गडद. म्हणजे जी लक्षणं पाहून आपण जागा सुरक्षित ठरवतो, तीच बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची असतात. उंच मनोऱ्यावर बसलेल्याला हा पट्टा बराच स्पष्ट दिसतो. पाण्याच्या पातळीवर उभं राहणाऱ्याला तो ओळखणं अवघड जातं. शिवाय वाळू जागेवर राहत नाही. काल जिथे खिंड होती तिथे आज नसेल. मुंबईत मालाडजवळच्या अक्सा किनाऱ्याची अपघातांसाठी जी कुप्रसिद्धी आहे, तिच्यामागे बुडाची वाळू आणि पाण्याची ओढ यांचा मोठा हात आहे. म्हणून जीवरक्षक सकाळी कामावर आला की आधी समुद्र पाहतो आणि त्या दिवशी पोहण्याची जागा कुठे ठेवायची ते ठरवून झेंडे रोवतो.

रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. हा फरक जीव वाचवणारा आहे. साधारण प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर वगैरे असतो, जोरदार प्रवाहाचा आठ फुटांपर्यंत जाऊ शकतो. शंभर मीटरचं अंतर सत्तेचाळीस सेकंदांच्या आत कापणारा जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटूसुद्धा सेकंदाला सात फुटांच्या आसपासच जातो. तेव्हा प्रवाहाच्या विरुद्ध, थेट किनाऱ्याच्या दिशेने पोहण्याचा हट्ट करणारा चांगला पोहणाराही दोन-तीन मिनिटांत दमतो. बुडवतं ते हे दमसास संपणं. प्रवाहात सापडलो तर पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत, जिथे लाटा फुटतायत त्या बाजूला सरकायचं. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच माणसाला किनाऱ्याकडे ढकलतात. जीवरक्षक सुरुवातीला ज्या बाजूकडे बोट दाखवत होता, ती हीच.

बुडणारा माणूस हाक मारत नाही

सिनेमात बुडणारा माणूस दोन्ही हात हवेत फेकतो, पाणी उडवतो, ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात बुडणं इतकं गाजावाजा करून येत असतं, तर गर्दीच्या तलावात, वडील चार हातांवर उभे असताना मूल बुडालं नसतं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. त्यांनी बुडणाऱ्या आणि वाचवल्या जाणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्याचा बारकाईने अभ्यास केला. १९७० च्या सुमारास त्यांनी जे मांडलं, त्यावर आज जगभरचं प्रशिक्षण उभं आहे. शरीराची पहिली गरज श्वासाची, बोलणं त्यानंतरचं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याखाली जातं आणि क्षणभर वर येतं. त्या क्षणात श्वास सोडायचा आणि घ्यायचा, एवढंच जमतं. हाक मारायला हवा उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबू लागतात, कारण तोंड वर काढायला आधार हवा असतो. ते हात हवेत उंचावून खूण करणं किंवा समोर आलेली दोरी पकडणं त्याला शक्य होत नाही. शरीर पाण्यात उभं असतं, पाय जवळजवळ मारले जात नाहीत. मान मागे, तोंड आकाशाकडे, डोळे काचेसारखे किंवा मिटलेले, केस कपाळावर आलेले. हे सगळं वीस सेकंदांपासून फार तर एक मिनिटापर्यंत चालतं. नंतर माणूस पाण्याखाली जातो.

बाजूला खेळणाऱ्यांना हे दृश्य एखादा उभ्याने तरंगतोय किंवा पाण्यात उड्या मारतोय असंच वाटतं. अनोळखी डोळ्याला त्यात धोक्याचं काहीच नसतं. जो अजून ओरडू शकतो, हात हलवू शकतो, तोही अडचणीत असतोच, पण त्याच्याकडे थोडा वेळ आहे आणि फेकलेली दोरी तो धरू शकतो. जीवरक्षकाला या दोन अवस्था वेगळ्या ओळखता याव्या लागतात आणि आधी धावावं लागतं ते आवाज न करणाऱ्याकडे. पालकांसाठी यातून एक गोष्ट निघते : पाण्यातलं मूल अचानक गप्प झालं, तर त्याला लगेच हाक मारा. उत्तर आलं नाही, तर विचार करत बसू नका.

नजर कशी थकते

मनोऱ्यावर नुसतं बसून राहणं, यात काम ते काय, असं वाटणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडार पाहणारे सैनिक काही वेळाने पडद्यावरच्या खुणा हुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यावर प्रयोग केले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घड्याळाच्या काट्यासारखा एक काटा टकटक पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची अचूकता घसरली. ते आळशी नव्हते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत एकटक बघत राहणं मेंदूला फार वेळ झेपतच नाही.

जीवरक्षकाचं काम नेमकं असं आहे. शेकडो डोकी, चकाकणारं पाणी, ऊन, आणि बहुतेक दिवस काहीही न घडणं. म्हणून चांगल्या ठिकाणी दर वीस-तीस मिनिटांनी जागा बदलायची पद्धत असते. बदली येणारा आधी पाण्याकडे पाहतो, मगच पहिला खाली उतरतो, म्हणजे एक क्षणही पाणी नजरेबाहेर राहत नाही. नजर आपल्या हद्दीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरपासून तळापर्यंत फिरवत ठेवायची. जलतरण तलावांसाठी एक मोजमाप जगभर वापरलं जातं : आपल्या हद्दीतला धोका दहा सेकंदांत लक्षात यायला हवा आणि पुढच्या वीस सेकंदांत त्या माणसापर्यंत पोहोचता यायला हवं. बुडण्याला वीस ते साठ सेकंद लागतात हे आठवलं, की या आकड्यांचं गांभीर्य कळतं.

पियांनी बुडण्याच्या घटनांमागची जी कारणं सांगितली, त्यांत न ओळखणं आणि लक्ष विचलित होणं यांच्या जोडीला आणखी एक होतं, इतर कामांची घुसखोरी. जीवरक्षकाला तिकिटं तपासायला लावणं, खुर्च्या मांडायला लावणं, शिकवणीच्या मुलांना पोहायला शिकवायला लावणं. आपल्याकडे गृहसंकुलांतल्या आणि रिसॉर्टमधल्या तलावांवर हे सर्रास दिसतं. पोहायला शिकवणारा प्रशिक्षक उत्तम पोहणारा असेल, पण त्याचं लक्ष समोरच्या चार मुलांवर असतं. त्याच वेळी तो जीवरक्षकही आहे असं व्यवस्थापनाने सांगितलं, तर त्या तलावावर जीवरक्षक नाही असंच समजावं. माझ्या मते मुलाला तलावावर घालण्याआधी पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न शुल्काचा नसावा, ‘पाण्याकडे फक्त पाहायचं काम कोणाचं आहे?’ हा असावा.

तलावाचे स्वतःचे धोके

तलावात लाटा नाहीत, प्रवाह नाही, तळ फरशीचा. तरी तिथे वेगळी सावधगिरी लागते. पाण्यातून बाहेर येताना प्रकाशाचे किरण वाकतात, त्यामुळे वरून पाहताना तलाव असतो त्याच्या पाऊणपटच खोल दिसतो. चार फूट पाणी तीन फूट वाटतं आणि लहान मूल निर्धास्त उडी मारतं. उलट मोठी मुलं उथळ बाजूला डोक्यावर सूर मारतात आणि मानेचा मणका दुखावतो. तलावाच्या काठावर धावू नका, इथे सूर मारू नका, अशा शिट्ट्यांचा पुष्कळांना कंटाळा येतो, पण मानेची ती दुखापत जन्मभराची असू शकते.

दुसरा धोका चांगल्या पोहणाऱ्यांना असतो. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लागते आणि त्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. श्वास घ्यावासा वाटणं हे प्राणवायू कमी झाल्यामुळे फारसं होत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होतं. भराभर श्वास घेतले की तो आधीच कमी होतो. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी श्वासाची तगमग सुरूच होत नाही आणि मुलगा कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. तळाशी स्थिर दिसणारा पोहणारा दम टिकवतोय की शुद्ध हरपलाय, हे वरून सांगता येत नाही. म्हणून जीवरक्षक असले खेळ लगेच थांबवतो.

चौकट : झेंडे काय सांगतात

वर लाल, खाली पिवळा असा दोन रंगांचा झेंडा : या दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकाची नजर आहे, पोहायचं असेल तर इथेच.
पिवळा : लाटा, ओढ मध्यम, जपून.
लाल : धोका मोठा, पाण्यात उतरू नका.
दोन लाल झेंडे एकावर एक : पाणी सर्वांसाठी बंद.
काळ्या-पांढऱ्या चौकटींचा : हा भाग सर्फिंगच्या फळ्यांसाठी, पोहणाऱ्यांसाठी नाही.

पाण्यात शिरणं सर्वांत शेवटी

दरवर्षी वर्तमानपत्रांत एक बातमी येते. एक जण बुडू लागला, त्याला वाचवायला भाऊ उतरला, मग मित्र, आणि सगळेच गेले. धरण, नदी, खाण, समुद्र, जागा बदलतात, बातमी तीच राहते. यामागचं कारण साधं आहे. बुडणाऱ्याला जवळ आलेली कुठलीही गोष्ट वर चढायला हवी असते आणि ती गोष्ट माणूस असेल, तर तो त्याच्या खांद्यावर, डोक्यावर चढतो. यात त्याचा दोष नाही, तेव्हा तो विचार करतच नसतो.

प्रशिक्षित जीवरक्षकसुद्धा म्हणून रिकाम्या हाताने जात नाही. आधी काठावरून काठी किंवा हात देता येतो का पाहायचं, मग दोरी किंवा तरंगणारं काही फेकायचं, मग होडी किंवा फळी न्यायची, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर पोहत जायचं. पोहत जातानाही त्याच्या खांद्याला पट्टा आणि पट्ट्याला लांबट लाल तरंगती ट्यूब असते. जवळ गेल्यावर तो थोडं अंतर ठेवून थांबतो आणि ट्यूब दोघांच्या मधे सरकवतो. बुडणारा ट्यूबला मिठी मारतो, जीवरक्षकाला नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा किंवा वाळके भोपळे बांधत, त्यामागचं शहाणपण हेच. काठावर उभ्या असलेल्या सामान्य माणसाने ओढणी, साडी, दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन यांतलं हाताला येईल ते फेकावं.

प्रशिक्षित माणसांची फळी किती उपयोगी पडते, हे ऑस्ट्रेलियाने १९३८ मध्ये पाहिलं. ६ फेब्रुवारीला, रविवारी, सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर लागोपाठ मोठ्या लाटा आल्या. वाळूच्या उथळ दांड्यावर उभे असलेले दोनशेहून अधिक लोक परतणाऱ्या पाण्याबरोबर खोल भागात ओढले गेले. स्वयंसेवक जीवरक्षकांची सत्तर-ऐंशी जणांची तुकडी त्या वेळी किनाऱ्यावर हजर होती. पाच जण दगावले, बाकीच्यांना बाहेर काढता आलं.

बाहेर काढल्यानंतरची चार मिनिटं

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. रुग्णवाहिका येईपर्यंतचं सगळं जीवरक्षकाच्या हातात असतं आणि इथेच आपल्याकडचे जुने समज आड येतात. पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, खांद्यावर टाकून गरगर फिरवणं. युरोपातही असले उपाय होते. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये संस्था निघाली, तेव्हा गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं हाही मान्य उपचार होता. पण त्याच काळात तोंडाने श्वास देणंही सांगितलं जात होतं आणि टिकलं ते हेच.

पोटातून निघतं ते गिळलेलं पाणी. ते बाहेर काढून फुप्फुसांना काहीच फायदा होत नाही, उलट उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते रक्तातला प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून इथे छाती दाबण्याआधी तोंडाने श्वास द्यायचे असतात. हृदयविकाराने कोसळलेल्या माणसाच्या रक्तात काही वेळ प्राणवायू शिल्लक असतो, बुडालेल्याच्या नसतो. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याला रुग्णालयात न्यायलाच हवं, कारण फुप्फुसांत गेलेलं थोडंसं पाणीही पुढच्या काही तासांत श्वास अवघड करू शकतं.

मनोरा नसलेल्या किनाऱ्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वेसावे, अक्सा, गोराई या चौपाट्यांवर महापालिकेचे जीवरक्षक असतात. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची शिस्तबद्ध व्यवस्था आहे आणि त्यांची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. त्यानंतर मनोरा रिकामा असतो. मुंबईत अनंत चतुर्दशीला मात्र रात्रभर माणसं लागतात. चतुर्दशी पौर्णिमेला लागून येते, म्हणजे विसर्जनाची गर्दी दरवर्षी उधाणाच्या भरतीला गाठते.

कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर मनोराच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. रायगड-रत्नागिरीच्या सपाट किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि माणूस वाळूवरून त्याच्यामागे चालत राहतो. वाळूत मधेच सखल घळी असतात. भरती लागली की पाणी आधी या घळींत शिरतं, आणि पुढच्या उंचवट्यावर गुडघाभर पाण्यात खेळणाऱ्याच्या पाठीमागे छातीभर पाणी तयार होतं.

हे कोळ्यांना आणि किनाऱ्यावरच्या घराघरांना ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशोब : चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण, सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. बंदराच्या कोष्टकाइतका तो अचूक नाही, पण पाण्यात कधी उतरायचं नाही हे सांगायला पुरतो. किनारी गावांत आज शनिवार-रविवारी हजारो पर्यटक येतात आणि बुडणाऱ्याला काढायला बहुतेक वेळा होडीवरचे कोळी किंवा गावातली पोरंच धावतात, कसलंही साधन हातात नसताना. वाळू कुठे सरकली, घळ कुठे पडली, हे त्या पोरांइतकं कोणाला माहीत नसतं. ग्रामपंचायतींनी पर्यटन कर घेताना त्यांनाच रीतसर प्रशिक्षण देऊन, पगार देऊन सुट्ट्यांच्या दिवसांत उभं करावं. तोवर निदान प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक खांब असावा : त्यावर लांब दोरी बांधलेली तरंगती कडी, आणि त्याखालच्या फळ्यावर रोज खडूने लिहिलेली भरती-ओहोटीची वेळ.